हातावरची चकती

“चटणी नको?” ज्ञानूभाऊंची सुरी हवेतच थांबली. “आन् कांदा?”

“कांदाही नको.”

“मसाला?”

“नको.”

“मिरपूड तरी?”

“तीही नको. लोणी, काकडी, बटाटा. बस्स.”

ज्ञानूभाऊंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माझ्यामागे रांगेत उभी असलेली बँकेतली मंडळी कान टवकारून ऐकत होती.

“ताई, आजारी हायसा का?”

सगळी रांग हसली. मी ओतूरची. आमच्या घरी तान्ह्या पोरालाही ठेच्याचं बोट चाटवतात. आणि मी भर फोर्टात, शंभर माणसांसमोर, आजाऱ्याचं सँडविच मागत होते. लाज वाटली, पण इलाज नव्हता.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी तेवीस वर्षांची होते आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या एका चहाच्या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. काम चहा चाखण्याचं. गावात आईने ही नोकरी कोणाला नीट सांगितलीच नाही. ‘चहा पिते आणि पगार घेते’ हे तिला एक वेळ सांगता आलं असतं, पण मी तो पीतही नव्हते. चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि शेजारच्या पिकदाणीत थुंकायचा. दिवसाला दीड-दोनशे कप. मुलगी मुंबईत थुंकायची नोकरी करते, हे कुठल्या आईने चारचौघांत सांगावं?

मला शिकवायला होते विजयकर साहेब. पाठारे प्रभू, साठीला टेकलेले, कडक इस्त्रीचा कोट घालणारे. त्यांचं नाक कंपनीत दंतकथा होऊन बसलं होतं. पहिल्याच दिवशी मी खोलीच्या दारात पाऊल ठेवलं, तर ते पंधरा फुटांवरून, मान वर न करता म्हणाले, “मिस घोलप, मोगऱ्याचं तेल. उद्यापासून नको.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “काल रात्री मेथी.” तिसऱ्या दिवशी मी काही खाल्लंच नव्हतं, तर म्हणाले, “उपाशी माणसाच्या तोंडालाही वास असतो. जेवत जा.”

आमचा मोठा चाखण्याचा घाणा असायचा दुपारी तीनला. त्यामुळे दुपारच्या खाण्यात कांदा, लसूण, मिरची, मसाला, लोणचं, सगळं वर्ज्य. साहेब स्वतः तीस वर्षं दुपारी एकच गोष्ट खात होते, घरून आणलेलं काकडी-लोण्याचं सँडविच. मी बायकांच्या होस्टेलवर राहायचे. तिथला डबा म्हणजे तेलाच्या तवंगात बुडालेली वांगी. मग राहिलं काय? सँडविच.

तुम्ही म्हणाल, फोर्टात सँडविचला काय तोटा. तोटा नव्हताच, पण माझ्या कामाचं एकही नव्हतं. इराण्याचा मस्का ब्रून खाल्ला की दोन वाजता डोळे मिटायला लागत. एका मोठ्या हॉटेलात पांढऱ्या टोपीवाल्याने दिलेलं सँडविच ओल्या रुमालासारखं लागलं. उडुप्याकडे टोस्ट छान, पण तवा डोशाचा. हमरस्त्यावरच्या आठ-दहा गाड्या पालथ्या घातल्या, तर सगळीकडे एकच रड. माणूस आधीच्या गिऱ्हाइकाचा कांदा ज्या सुरीने चिरायचा, त्याच सुरीने माझी काकडी. बाकीच्यांना ते कळलंही नसतं. मला मात्र तोवर साहेबांच्या हाताखाली दोन आठवडे झाले होते. काकडीआडून कांदा डोकावला की मला लगेच दिसायचा.

आणि म्हणून मी ज्ञानूभाऊ शेडग्यांच्या गाडीपाशी पोहोचले होते. आमच्या कचेरीमागच्या गल्लीत, पिंपळाखाली. माणूस पाटणकडचा. गाडीपुढे ही रांग. लोक यायचे ते त्यांच्या हिरव्या चटणीसाठी. कोथिंबीर, पुदिना, मिरची आणि त्यात पाटणच्या पद्धतीने घसघशीत लसूण. सँडविच खाऊन झालं की ज्ञानूभाऊ काकडीची एक चकती घ्यायचे, तिच्यावर चटणीचा ठिपका ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर द्यायचे. हातावरची चकती. त्याचे पैसे नाहीत. ती तोंडात टाकून, ‘हाश्श’ करत लोक कामाला परतायचे.

त्या पहिल्या दिवशी मी त्यांना सुरीचं सांगितलं. म्हटलं, “ज्ञानूभाऊ, या काकडीला कांदा लागलाय.”

“आवं, कांद्याला हातबी लावला न्हाई तुमच्या.”

“सुरीला होता.”

त्यांनी सुरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तुमी करता काय वं?”

मी सांगितलं. रांग पुन्हा हसली. ज्ञानूभाऊ मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी गाडीखालून एक नवी सुरी काढली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. लाकडी फळीही वेगळी. “ही तुमची. हिला दुसऱ्या कुनाचं काय लागनार न्हाई.” तेव्हापासून रोज एक वाजता माझं सँडविच त्या सुरीने कापलं जायचं, सहा तुकडे, स्वच्छ, काकडी काकडीसारखी आणि लोणी लोण्यासारखं. शेवटी ते चकती पुढे करायचे, मी हात मागे घ्यायचे, आणि ते म्हणायचे, “आज न्हाई तर न्हाई. आपली वाट बघतीया ती.”

श्रावणात साऱ्या फोर्टात तापाची साथ आली. अर्ध्या कचेऱ्या ओस पडल्या. ज्ञानूभाऊ पंधरा दिवस गाडीवर नव्हते. विजयकर साहेब तीस वर्षांत पहिल्यांदाच आठवडाभर रजेवर गेले. परत आले ते जरा उतरलेले होते. पण एक चांगलं झालं, त्यांनी मला टोकायचं थांबवलं. तेल नाही, मेथी नाही, काही नाही. मी सुधारले, असा मी त्याचा अर्थ काढला आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मधल्या काळात दोन ठिकाणांहून माल परत आला, चहाला वास येतो म्हणून. कचेरीत सगळ्यांनी मिळून खापर गोदामावर फोडलं. विजयकरांनी पास केलेल्या चहाला वास? असं कोण म्हणणार?

डिसेंबरात माझी परीक्षा ठरली. शुक्रवारी तीन वाजता, साहेबांसमोर. पास झाले तर कायम. नापास झाले तर ओतूर, आणि मामाने बघून ठेवलेलं नारायणगावचं स्थळ. मुलाचं खताचं दुकान होतं. मुलगा वाईट नव्हता म्हणे, पण जन्मभर खताच्या वासात राहायचं, आणि तेही हे नाक कमावल्यावर? गुरुवारी रात्री मी नुसता दहीभात खाल्ला आणि देवाला सांगितलं की बाबा रे, उद्याचा दिवस जीभ सांभाळ.

शुक्रवारी एक वाजता गल्लीत गेले, तर ज्ञानूभाऊंच्या गाडीपुढे कोणी नाही. समोरच्या बाजूला एक नवी गाडी लागली होती, तिच्यापुढे रांग. बँकेची ती सगळी मंडळी त्या रांगेत, आणि आमच्या बाजूला पाठ करून.

ज्ञानूभाऊंनी माझी सुरी काढली, पण कापायला घेतली नाही.

“ताई, एक इचारू का?”

“विचारा ना.”

“तुमी जिभेच्या मास्तर. माझी चटणी जरा चाखता का? म्हैना झाला, गिऱ्हाईक तुटाया लागलंय. काय चुकतंय ती कुनी सांगंना.”

“तुम्हीच चाखून बघा की.”

त्यांनी फडकं उचललं. मग फळी पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तापातनं उठलो आन् नाक-तोंड दोन्ही गेलं बघा. गूळ काय, शेण काय, समदं सारखंच. मंडळी हुती तवर ती चाखायची. ती गेली लेकीच्या बाळंतपनाला पाटनला. आता मी आपला हाताच्या अंदाजानं मीठ टाकतोय.”

“आणि एवढ्या गिऱ्हाइकांतलं कोणीच बोललं नाही?”

“मुंबईत कोन बोलतंय, ताई? समोरच्या गाडीवर जात्यात.”

दोन तासांवर परीक्षा. त्या चटणीत लसूण, मिरची, पुदिना, माझ्या जिभेचे जेवढे म्हणून शत्रू तेवढे सगळे एकत्र नांदत होते. ‘उद्या चाखते’ म्हणायला काय हरकत होती? शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्यांच्या हातात ती सुरी होती. चार महिने तिला दुसऱ्या कशाचा वास लागू दिला नव्हता त्यांनी. मला नाही म्हणवेना.

“चमचा द्या,” मी म्हटलं.

आता चाखायची म्हणजे मला एकच पद्धत येत होती. मी चमचा ओठांशी नेला आणि जोरात सुर्रर्र केलं. तोंडभर फिरवली. आणि शेजारच्या बादलीत थुंकले. समोरची रांग वळून बघायला लागली. एक टायवाला म्हणाला, “बाप रे, इतकी वाईट झाली का?”

“मीठ दुप्पट,” डोळ्यांतलं पाणी पुसत मी म्हटलं. “लिंबू पडलंच नाहीये. आणि लसूण नुसती नाचतेय.”

“आसं व्हय!” ज्ञानूभाऊंचा चेहरा असा उजळला की जणू मी शिव्या नाही, शाबासकी दिली. “थांबा, थांबा.”

त्यांनी कोथिंबिरीची अख्खी जुडी वाटून घातली, दोन लिंबं पिळली. मी सुर्रर्र, थू. अजून खारट. उकडलेला बटाटा कुस्करून घातला. सुर्रर्र, थू. लिंबू अजून अर्धं. सुर्रर्र, थू. पाचव्या चमच्याला मी थुंकायचंच विसरले. सरळ गिळली. चार महिने ही माझी वाट बघत होती, आणि काय सांगू, मी रडायचीच बाकी होते. अर्धं मिरचीने, अर्धं आनंदाने.

“झाली?” त्यांनी विचारलं.

“झाली!”

टायवाला रस्ता ओलांडून आलाच. त्याच्यामागून आणखी दोघे. ज्ञानूभाऊ कामाला लागले आणि मी घड्याळ पाहिलं. अडीच.

मी धावत सुटले. कचेरीच्या नळावर दहा चुळा भरल्या, नुसता पाव चघळला. काही उपयोग नाही. जीभ निखाऱ्यासारखी, आणि श्वास असा की दारावरचा शिपाई मोरजकर दोन पावलं मागे सरकून म्हणाला, “ओ बाई, आज काय खाल्लंत? साहेब दारातूनच हाकलतील.”

मलाही तेच वाटलं. श्वास रोखून मी आत गेले.

उत्तरेच्या खिडकीखाली पाच पांढरे कप मांडले होते. प्रत्येकाशेजारी उलट्या झाकणावर त्याची उकडलेली ओली पानं. विजयकर साहेब चमचा हातात घेऊन उभे होते. आत्ता वासावरून बोलतील, मग बोलतील, म्हणून मी थांबले. ते बोलले नाहीत.

“या, मिस घोलप. हे पाचही माल उद्या सकाळी बाहेर पडायचे आहेत. मी सकाळीच पास केलेत. तुम्ही फक्त क्रम लावायचा. चांगल्यातला चांगला पहिला. घाई नाही.”

पहिला कप ओढला. जिभेला आग सोडून काही कळलं नाही. दुसराही तसाच. संपलं, मी मनात म्हटलं. खताचं दुकान. मग आठवलं की साहेबच पहिल्या आठवड्यात म्हणाले होते, जीभ दगा देईल तेव्हा नाकाला विचारायचं. मी वाकून पानांचा वास घेऊ लागले. पहिली पानं गोडसर. दुसरी जरा गवताळ. तिसऱ्यापाशी आले आणि थबकले. धूर. ओल्या लाकडाच्या चुलीचा धूर, सरळ नाकात जाणारा. मळ्यातली भट्टी गळत असली की चहाला असा वास लागतो. हे तर शिकाऊ पोरालाही कळलं असतं.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं. ते माझ्या शेजारी आले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. तिसरं झाकण उचलून त्यांनी नाकाशी धरलं, दीर्घ श्वास घेतला. “स्वच्छ आहे. पुढे चला.”

त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. माझ्या तोंडाला पाच चमचे लसूण. पंधरा फुटांवरून मोगरा ओळखणारा माणूस.

मला सगळं एकदम कळलं. श्रावणातला ताप. मला टोकणं थांबलं ते. परत आलेला माल. मी सुधारले नव्हते, काही नव्हते.

क्रम लावून टाकावा, तिसरा तिसऱ्या जागी ठेवावा, सही घ्यावी आणि कायम व्हावं. कोणाला कळणार होतं? माल परत आला असता आणि पुन्हा गोदामावर खापर. कचेरीत सगळे तेच करत होते. मनातून सगळ्यांना शंका होती, आणि सगळे निमूटपणे समोरच्या गाडीवर गेले होते.

“साहेब,” मी म्हटलं. “मी दुपारी लसणीची चटणी खाल्ली आहे. पाच वेळा.”

त्यांच्या भुवया चढल्या. “आज? परीक्षेच्या दिवशी? तुम्हाला काही...” आणि मधेच थांबले. चमचा हळूच खाली ठेवला.

“केव्हा?”

“आत्ता. तासाभरापूर्वी.”

“श्वास सोडा.”

“साहेब...”

“सोडा म्हणतो ना.”

मी ‘हाऽऽ’ केलं, साक्षात माझ्या साहेबांच्या तोंडावर. ते डोळे मिटून उभे होते.

“पुन्हा.”

मी पुन्हा केलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. तेवढ्यात मोरजकर पाण्याची किटली घेऊन आत आला आणि दारातच नाकाला हात लावून म्हणाला, “खिडकी उघडू का साहेब? फारच मारतोय लसणीचा वास.”

साहेब स्टुलावर बसले. मोरजकरला काही समजेना, तो किटली घेऊन तसाच उभा.

“मला वाटलं, येईल परत,” साहेब म्हणाले. “रंग बघून, हाताच्या सवयीने चालवत होतो. तोंडात सगळा चहा म्हणजे कोमट पाणी. घरीसुद्धा बोललो नाही.” मग माझ्याकडे पाहून, “तिसरा कप?”

“धुरकट आहे साहेब.”

“खूप?”

“खूप.”

“मोरजकर, खाली सांगा, तिसऱ्या नंबरचा माल थांबवा. विजयकरांनी सांगितलं म्हणून सांगा.” त्यांनी कोटातून पेन काढलं, माझा कागद ओढला. “नाक राहिलं नाही, मिस घोलप. सही मात्र सोमवारपर्यंत माझीच चालते. सोमवारी मी वर जाऊन सांगणार आहे. त्याआधी ही होऊन जाऊ दे.”

त्यांनी लिहिलेला तो कागद आजही माझ्या कपाटात आहे. ‘परीक्षकापेक्षा परीक्षार्थी सरस.’ तो वाचून मी त्यांच्यासमोरच रडले, आणि त्यांनी मला हातरुमाल दिला. त्याला अत्तराचा वास नव्हता, कधीच नसायचा.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. दुपारचं चाखणं नाही. एक वाजता साहेब माझ्या टेबलापाशी आले. हातात त्यांचा काकडी-लोण्याचा डबा नव्हता.

“तो तुमचा चटणीवाला कुठे बसतो?”

गल्लीत रांग पुन्हा आमच्या बाजूला होती. विजयकर साहेब कोट घालून रांगेत उभे राहिले, पुढे सरकले. मी ओळख करून दिली.

“यांचंही नाक गेलंय, ज्ञानूभाऊ. त्याच तापात.”

ज्ञानूभाऊंची सुरी थांबली. “तुमालाबी गूळ लागत न्हाई?”

“नाही.”

“आन् शेण?”

“ते चाखून पाहिलं नाही अजून,” साहेब म्हणाले. दोघंही इतके हसले की मागची रांग चुळबुळ करायला लागली.

ज्ञानूभाऊंनी दोन सँडविचं केली, कांदा, बीट, मसाला, चटणीचा पुसटसा हात, सगळं घालून. फडक्यातली सुरी त्या दिवशी बाहेर निघालीच नाही. साहेबांनी सहाही तुकडे शांतपणे संपवले. चेहऱ्यावर काही नाही. “पाव मऊ आहे,” एवढंच म्हणाले, सभ्य माणूस म्हणतो तसं. मला वाईट वाटलं. कशाला आणलं यांना, असं झालं.

मग ज्ञानूभाऊंनी चकती घेतली. ठिपका नाही, चटणीचा चांगला डोंगर ठेवला तिच्यावर. साहेबांनी तीस वर्षं कप धरलेला तळहात पुढे केला.

“घ्या साहेब. त्या तापानं समदं नेलं, पर ह्ये एक न्यायला त्याला जमलं न्हाई.”

साहेबांनी ती तोंडात टाकली. एकदा चावली. दोनदा. आणि त्यांचे डोळे मोठे झाले. कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं, गालांवरून पाणी ओघळलं. त्यांनी माझा दंड धरला.

“मिस घोलप, लागलं!”

“काय, साहेब?”

“तिखट! तिखट लागलं!”

ज्ञानूभाऊंनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला. साहेबांनी हाताने तो बाजूला सारला. ते लाल तोंडाने हसत होते आणि रडतही होते.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे जरा वेळ.”